आपला मैला कोणीं उचलावा?

कांहीं विषय असे आहेत कीं, त्यांच्यावांचून मनुष्याचा एक दिवसही जात नाहीं, आणि तरीही सभ्य समाजांत त्यांचें नांव काढणें हा अविनय ठरतो. मलविसर्जन हा अशा विषयांपैकीं अग्रगण्य होय. आपल्या भाषेनेंच या बाबतींत केवढा संकोच पाळला आहे पाहा. ‘बहिर्दिशेस जाणें’, ‘परसाकडे जाणें’, ‘शौचास जाणें’ हे सगळे शब्दप्रयोग मनुष्य कोठें गेला एवढेंच सांगतात; मागें जें राहिलें त्याचें पुढें काय झालें, याविषयीं भाषा मौन पाळते. या मौनांत केवळ सभ्यता नसून एक जुनें ऋण नजरेआड करण्याची सोयही आहे, असें आम्हांस अलीकडे वाटूं लागलें आहे. त्या ऋणाचा थोडासा हिशेब मांडावा एवढाच या लेखाचा हेतु. वाचकांनीं नाकास रुमाल लावण्यापूर्वीं इतकें ध्यानांत घ्यावें कीं, विषय घाणीचा दिसला तरी प्रश्न नीतीचा आहे.

लेखास निमित्त झालें तें असें. गेल्या मे महिन्याच्या सुटींत आम्ही सहकुटुंब एका स्नेह्यांकडे कोंकणांत राहावयास गेलों होतों. हे गृहस्थ जन्मानें लालबागचे. तीस वर्षें नोकरी करून निवृत्त झाल्यावर त्यांनीं मुंबईची जागा मुलाच्या स्वाधीन केली, आणि कणकवलीपासून कांहीं कोसांवर वडिलोपार्जित दीड एकर जमिनींत लहानसें घर बांधलें. त्या घरास विजेची तार जोडलेली नाहीं. छपरावर सूर्याच्या उन्हावर वीज करणारीं तावदानें आहेत, त्यांवर दिवे आणि पंखे चालतात. नळ नाहीं, विहीर आहे, आणि पावसाचें पाणी सांठविण्यास एक टांकें आहे. घरामागें माडांच्या आडोशास जांभ्या दगडाची एक कोठडी आहे. तींत जावयाचें तर चार पायऱ्या चढाव्या लागतात, कारण तिच्या खालीं जमिनीच्या वर दोन कप्पे बांधलेले आहेत. एक चालूं, एक बंद. बैठकीची रचना अशी कीं, मूत्र पुढच्या पन्हळींतून निराळें वाहून केळींकडे जातें आणि मळ तेवढा खालच्या कप्प्यांत पडतो. पाणी घेण्याची जागा बाजूस वेगळी. शेजारच्या डब्यांत राख आणि भाताचें तूस. प्रत्येकानें उठतांना दोन ओंजळी वर टाकावयाच्या, झांकण लावावयाचें आणि निघावयाचें. कप्पा भरला कीं तो लिंपून वर्ष-सव्वा वर्ष बंद ठेवावयाचा आणि दुसरा उघडावयाचा. सारें यंत्र एवढेंच.

तेथें दुर्गंधि कशी ती नाहीं, हें पाहून आम्हांस प्रथम आश्चर्य वाटलें. परंतु त्यांत चमत्कार कांहीं नाहीं. ओल्या मैल्यास हवा लागली नाहीं म्हणजे तो सडतो; कोरडें आच्छादन मिळालें, हवा खेळती राहिली आणि मूत्राचें पाणी निराळें निघालें, म्हणजे तोच सडण्याऐवजीं मुरतो. मैल्यांत नत्र फार, तुसांत कर्ब फार. दोहोंचें प्रमाण जमलें म्हणजे सूक्ष्म जंतूंस हवें तें अन्न मिळतें, आणि त्यांच्या कामानें ढिगांत ऊब उत्पन्न होते. रोगबीजें कांहीं या उबेनें, कांहीं कोरडेपणानें आणि उरलेलीं नुसत्या काळानें मरतात. त्यांत पोटांतल्या जंतांचीं अंडीं सर्वांत चिवट. म्हणून उष्ण देशांतही असा कप्पा वर्षाहून अधिक काळ बंद ठेवावा असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. आमचे स्नेही तो पाळतात, आणि पाळूनही तें खत भाजीपाल्यास न घालतां माडांच्या आणि आंब्यांच्या मुळांशींच घालतात. सर आल्बर्ट हॉवर्ड यांनीं १९२४ ते १९३१ या काळांत इंदुरास राहून पालापाचोळा, शेण आणि माती यांच्या थरांपासून खत करण्याची जी पद्धति बसविली, तिच्या बुडाशीं हेंच तत्त्व आहे. आणि हॉवर्डसाहेबांच्या कितीतरी आधीं आपल्या कुणब्यानें या खताचें नांव ‘सोनखत’ असें ठेवलें होतें. ज्या वस्तूचें नांव घेण्यास पांढरपेशा लाजतो तिला शेतकरी सोनें म्हणतो, या एका शब्दांत दोन समाजांच्या दोन दृष्टि सांपडतात.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं चहा घेतां घेतां स्नेही म्हणाले, “प्रोफेसर, बंद कप्पा आज उघडायचा आहे. या घरचा नियम असा कीं, जो येथें राहिला त्यानें एकदां तरी फावडें धरावें. तुम्ही दोन वर्षांपूर्वीं येथें चार दिवस काढले होते. तेव्हां त्यांत तुमचाही वांटा आहे.”

विनोद म्हणून आम्ही हंसलों. परंतु नियम विनोदी नव्हता. फावडें हातांत आलें, कप्प्याची विटांची भिंत मोकळी झाली, आणि आम्हीं असें अनुभविलें कीं, तत्त्वज्ञानाचीं पुस्तकें शिकविण्यांत तीस वर्षें घालविलेल्या मनुष्याचा हात बुद्धीचें ऐकत नाहीं. आंत काळीभोर, भुसभुशीत माती होती. तिला जंगलांतल्या पाल्याखालच्या जमिनीसारखा वास होता. डोळ्यांनीं तें पाहिलें, नाकानें साक्ष दिली, बुद्धीनें कारणें समजून घेतलीं. आणि तरीही हात थबकलेलाच. तो थबकला तो घाणीमुळें नव्हे, कारण घाण तेथें नव्हतीच. तो थबकला तो एका कल्पनेमुळें. हें काम आपलें नव्हे, ही ती कल्पना. तिला अमुक एका दिवशीं आम्हांस कोणीं शिकविलें नव्हतें; ती आमच्या अंगांत लहानपणापासून मुरली होती, आणि ती मुरण्यास कोणत्याही कप्प्याची गरज लागली नव्हती.

त्या दिवशीं अकरा घमेलीं माडांस घालून, स्नान करून आम्ही ओसरीवर बसलों, आणि कांहीं मोठी गोष्ट केल्याच्या समाधानांत पत्नीस म्हणालों कीं, आज आम्हांस श्रमाचें तत्त्व खरें कळलें. ती शांतपणें म्हणाली, “अहो, सासूबाई तीन वर्षें अंथरुणावर होत्या. त्यांचें भांडें रोज कोण नेत होतें? मुलांचे लंगोट कोण धूत होतें? तुम्हांला हें आज कळलें?” या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, आजही नाहीं. महात्माजींनीं आपल्या आत्मचरित्रांत दरबानच्या घरचा एक प्रसंग निःसंकोचपणें सांगितला आहे. पाहुण्याचें मूत्रपात्र कस्तुरबांनीं उचलावें, आणि तेंही हंसतमुखानें उचलावें, असा हट्ट त्यांनीं धरला आणि रागाच्या भरांत पत्नीस दारापर्यंत ओढीत नेलें. तो प्रसंग आम्ही पूर्वीं गांधीजींच्या सत्यनिष्ठेचें उदाहरण म्हणून शिकवीत असूं. आतां त्यांत आणखी एक गोष्ट दिसते ती ही कीं, पुरुषाच्या तत्त्वाचा भार घरांत बहुधा दुसऱ्याच कोणाच्या हातांवर पडतो. ‘ज्याचें त्यानें’ हें सूत्र उच्चारतांना घरांतल्या स्त्रीकडे एकदां पाहावें, म्हणजे सूत्राची खोली कळते.

हें झालें घरांतलें. घराबाहेरचा हिशेब याहून जुना आणि याहून जड आहे.

आमचें बालपण गिरगांवांतल्या एका चाळींत गेलें. गॅलरीच्या टोंकाला मजल्याचे सामाईक संडास, बाहेर रांग, हातांत पत्र्याचा डबा; हें चित्र त्या भागांत वाढलेल्या वाचकांस नव्यानें सांगण्याचें कारण नाहीं. परंतु चाळीस एक मागली बाजूही होती, आणि तिच्याविषयीं कोणी फारसें लिहीत नाहीं. दोन इमारतींच्या पाठीमध्यें एक अरुंद बोळ असे. त्यास ‘हाऊस-गल्ली’ म्हणत. पूर्वीं जेव्हां टोपलीचे संडास होते, तेव्हां टोपल्या मागच्या मागें निघाव्या आणि नेणारा मनुष्य समोरच्या जिन्यावर कोणास दिसूं नये, म्हणून ही रचना. आमच्या लहानपणीं टोपल्या गेल्या होत्या. नळ्या आणि मोऱ्या आल्या होत्या. गल्ली मात्र राहिली, आणि तींत रोज सकाळीं उतरणारा महापालिकेचा मनुष्यही राहिला. चाळीच्या मागल्या खिडक्यांतून लोक उष्टें-खरकटें, केरपोतेरें बिनदिक्कत खालीं टाकीत, आणि तो तें उचली.

आम्ही सातआठ वर्षांचे असतांना एके दिवशीं मागल्या खिडकींतून केळ्याची साल खालीं टाकली. ती त्या मनुष्याच्या डोक्यावर पडली. त्यानें वर पाहिलें. तो ओरडला नाहीं, शिवी दिली नाहीं. त्यानें नुसतें वर पाहिलें. आम्हीं डोकें आंत घेतलें आणि खिडकी लावून घेतली. आजीला सांगितलें तेव्हां ती म्हणाली, “खिडकीशीं खेळूं नको, पडशील.” त्या घरांत सर्व माणसें दयाळू होतीं, दारीं आलेला भिकारी विन्मुख जात नसे. परंतु त्या खिडकीखालीं कोणी मनुष्य आहे, ही जाणीव त्या दयेस कधीं झाली नाहीं.

मुंबई शहराच्या इतिहासांत या मनुष्यास एक सरकारी नांव होतें : ‘हलालखोर’. शब्दाचा अर्थ पाहिला तर तो हलालाची, म्हणजे कष्टाची आणि प्रामाणिक, भाकर खाणारा. नांव गौरवाचें आणि वागणूक अस्पृश्याची, असा हा प्रकार. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्यांत ‘हलालखोर कर’ या नांवाचा एक कर होता; म्हणजे मैला उचलून नेण्याची किंमत नागरिकांनीं पट्टीच्या रूपानें द्यावी आणि मोकळें व्हावें, अशी व्यवस्था झाली. विहारचें पाणी १८६० सालीं आणि तानशाचें १८९२ सालीं शहरास मिळालें. पाणी आलें तशी मैला पाण्यानें वाहून नेण्याची पद्धति हळूहळू सर्वत्र पसरली, आणि वरळीच्या लव्हग्रोव्ह येथून तो समुद्रांत लोटला जाऊं लागला. व्हिक्टर ह्यूगो यानें १८६२ च्या आपल्या ‘ले मिझराब्ल’ या कादंबरींत पॅरिसच्या भुयारी गटारांचें वर्णन करतांना, हें शहर आपलें धन समुद्रांत ओतून देतें म्हणून हळहळ व्यक्त केली आहे. तीच हळहळ मुंबईविषयीं करतां येईल.

आणि याच शहरांत त्याच काळीं दुसरी वाट दाखविणारी एक जागा होती, हें थोड्यांसच ठाऊक असेल. पालिकेचे आयुक्त अॅकवर्थ यांच्या पुढाकारानें १८९० सालीं माटुंग्यास निराधार कुष्ठरोग्यांसाठीं आश्रम निघाला. तेथील मैला टाक्यांत जिरवून त्यांतून निघणारा वायु धरून ठेवण्याची व्यवस्था झाली, आणि १८९७ च्या सुमारास त्या वायूवर एंजिन चालविण्यांत आलें. शेणाच्या आणि मैल्याच्या वायूच्या इतिहासांत जगभर या प्रयोगाचा उल्लेख होतो. ज्यांस समाजानें घराबाहेर घातलें, त्यांच्या वस्तींत टाकाऊ वस्तु टाकाऊ नाहीं हें सिद्ध झालें. आणि ज्यांनीं त्यांस बाहेर घातलें तें शहर आपला मैला समुद्रांत लोटीत राहिलें. याहून बोलका दाखला शोधून मिळणार नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, हा सगळा भावनेचा खेळ आहे. श्रमविभाग हा संस्कृतीचा पाया. न्हावी आपली दाढी करतो, हमाल आपलें ओझें वाहतो, तसा सफाई-कामगार सफाई करतो. आपण त्याचा मोबदला देतों, ऋण फिटलें. हा युक्तिवाद आम्हीही पुष्कळ वर्षें मनाशीं धरला होता. त्यांत दोन छिद्रें आहेत. पहिलें हें कीं, इतर धंद्यांत मनुष्य निदान कांहीं अंशीं धंदा निवडतो; या धंद्यांत धंद्यानें मनुष्य निवडला आहे, आणि तोही जन्मावरून. ज्या कामावर शेंकडों वर्षें ठराविक जातींचींच माणसें दिसतात, त्यास श्रमविभाग म्हणणें हा शब्दांचा गैरवापर आहे, डॉ. आंबेडकरांनीं म्हटल्याप्रमाणें ती श्रमिकांची विभागणी होय. दुसरें छिद्र असें कीं, पैशानें श्रमाची किंमत देतां येते, जिवाची देतां येत नाहीं. आणि येथें आम्हांस एक गोष्ट सांगणें भाग आहे, जी सांगण्यासाठींच खरें पाहतां हा लेख लिहावयास घेतला.

आम्ही राहतों त्या दादरच्या इमारतीच्या सोसायटीचे आम्ही कांहीं वर्षें खजिनदार होतों. तीन वर्षांपूर्वीं ऐन आषाढांत अंगणांतलें ड्रेनेजचें चेंबर तुंबलें, आणि तळमजल्यावरच्या बिऱ्हाडांत घाण पाणी उलटें येऊं लागलें. एका ठेकेदारास बोलाविलें. त्यानें दोन माणसें आणलीं. त्यांतला धाकटा, विशीबाविशीचा असेल, अंगावरचा सदरा काढून कमरेस दोर बांधून आंत उतरला. आम्ही दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकींत उभे होतों. अर्ध्या तासानें तो वर आला, फाटकाजवळच्या नळीखालीं बसला आणि त्यानें साबण मागितला. पहारेकऱ्यानें कोठून तरी वडीचा तुकडा आणून दिला. साबण घेतां घेतां त्या मुलानें सहज वर पाहिलें. आणि आम्ही खिडकींतून बाजूस झालों. सायंकाळीं ठेकेदारानें पावती आणली. आम्हीं तीवर सही केली. पन्नास वर्षांत घर बदललें, मजला बदलला, विद्या वाढली, पदव्या मिळाल्या. खिडकीशीं आमचें वर्तन तेंच राहिलें.

असें मनुष्यास गटारांत उतरविणें २०१३ च्या कायद्यानें गुन्हा आहे, हें आम्हांस ठाऊक नव्हतें असें म्हणतां येत नाहीं. १९९३ सालीं कोरडे संडास हातानें साफ करविण्यास बंदी झाली. २०१३ च्या कायद्यानें संरक्षक साधनांवांचून गटारें व मलटाक्या माणसांकडून साफ करविण्याचीही मनाई केली. सर्वोच्च न्यायालयानें २०१४ मध्यें, गटारांत मृत्यु पावलेल्यांच्या कुटुंबांस दहा लाख रुपये द्यावे असा निर्णय दिला, आणि २०२३ मध्यें ती रक्कम तीस लाखांवर नेली. गटारांतल्या विषारी वायूनें माणसें गुदमरून मेल्याच्या वार्ता आपण वर्तमानपत्रांत वाचतों, आणि पान उलटतों. तो मुलगा सुखरूप वर आला, म्हणून आमची सही आमच्या डोळ्यांत सलली नाहीं, एवढेंच. आला नसता तरी ती सही तीच असती.

मनुस्मृतींत एका ठिकाणीं असा विचार आहे कीं, सर्व प्रकारच्या शौचांत अर्थाचें शौच, म्हणजे पैशाच्या व्यवहारांतली शुद्धता, श्रेष्ठ. नुसत्या माती-पाण्यानें मनुष्य शुद्ध होत नाहीं. विचार उत्तम आहे. परंतु ज्या ग्रंथांत तो आहे त्याच ग्रंथानें कोणीं कोणतें काम करावें हें जन्मावरून ठरवून दिलें, आणि म्हणूनच २५ डिसेंबर १९२७ रोजीं महाडास त्याची होळी झाली. या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या आहेत, आणि आपल्या संस्कृतीचें दुखणेंही हेंच आहे. शुचितेचे सूक्ष्म विचार आम्हीं पुष्कळ केले. त्या शुचितेची किंमत मात्र दुसऱ्याकडून वसूल केली.

या दुखण्यावर आपल्याच प्रांतांत एका मनुष्यानें जन्मभर उपाय शोधला. सीताराम पुरुषोत्तम ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) हे तत्त्वज्ञान शिकलेले एम.ए., कांहीं काळ प्राध्यापकी केलेले गृहस्थ. आमच्याच व्यवसायांतले, म्हणून त्यांचें नांव घेतांना आम्हांस अधिक संकोच होतो. १९३२ सालीं ते रत्नागिरीच्या तुरुंगांत असतांना त्यांनीं आपणांस मैलासफाईचें काम मिळावें अशी मागणी केली. तें काम ठराविक जातींच्या कैद्यांचेंच, म्हणून ती नाकारण्यांत आली, आणि अप्पासाहेबांनीं अन्नत्यागाचा मार्ग धरला. त्यांच्या पाठिंब्यासाठीं येरवड्याच्या तुरुंगांत गांधीजींनीं डिसेंबर १९३२ मध्यें उपोषण आरंभिलें, आणि सरकारनें फेरविचाराचें आश्वासन दिल्यावर तें सोडलें. पुढें १९४८ मध्यें अप्पासाहेबांनीं कणकवलीस गोपुरी आश्रम काढला, आणि तेथें सोप्या संडासाचे प्रयोग चालविले. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, सफाई करणाऱ्याची मुक्ति उपदेशानें होणार नाहीं. संडासच असा बांधा कीं, दुसऱ्या कोणास तो उपसावा लागूं नये. आमच्या स्नेह्यांची ती जांभ्याची कोठडी या विचाराचीच एक दूरची संतति आहे.

परंतु या मार्गावर एक आक्षेप असा आहे कीं, त्यास बगल देऊन पुढें जाणें अप्रामाणिक होईल. तो डॉ. आंबेडकरांचा. परळच्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळींत वर्षानुवर्षें राहिलेल्या, आणि या शहराचें वरचें व खालचें असें दोन्ही अंग पाहिलेल्या त्या विद्वानानें, १९४५ सालच्या काँग्रेस आणि गांधी यांवरील आपल्या ग्रंथांत मैलासफाईच्या स्तुतीवर कठोर टीका केली. ज्यास तें काम सोडतां येत नाहीं, त्याच्यापुढें त्या कामाचें माहात्म्य गाणें ही क्रूर थट्टा होय, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. आम्हांस हा आक्षेप निरुत्तर करणारा वाटतो. एक प्राध्यापक सुटींत अकरा घमेलीं सोनखत वाहतो आणि लेख लिहितो. एक मुलगा पावसांत गटारांत उतरतो आणि साबण मागतो. पहिल्यास पुण्य मिळतें, दुसऱ्यास मजुरी, तीही ठेकेदाराचा वांटा वजा जाऊन. पहिल्याच्या पुण्यानें दुसऱ्याचें कांहींच हलकें होत नसेल, तर तें पुण्य नव्हे, हौस आहे.

मग गांधी-अप्पासाहेब आणि आंबेडकर यांत कोणा एकाची निवड केलीच पाहिजे काय? आमच्या मतें दोघांचे उपदेश दोन निराळ्या श्रोत्यांस आहेत. ज्याच्यावर हें काम लादलें गेलें त्यास आंबेडकरांचा उपदेश : हें सोड, शीक, दुसरें कांहीं कर, यांत पवित्र असें कांहीं नाहीं. ज्यानें हें काम दुसऱ्यावर लादलें त्यास अप्पासाहेबांचा : हें तुझें आहे, तूं निस्तर. घोटाळा होतो तो श्रोत्यांची अदलाबदल झाली म्हणजे. सफाई-कामगारास सेवेचें माहात्म्य ऐकवावें आणि स्वतः मात्र ‘ज्यास जें आवडेल तें त्यानें करावें’ असें म्हणून मोकळें व्हावें, हाच आपल्या वर्गाचा नेहमींचा व्यवहार आहे.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा. दीड एकर जमीन आणि भाताचें तूस ज्याच्यापाशीं आहे त्यानें खुशाल दोन कप्पे बांधावे. परंतु डिलाइल रोडच्या, नायगांवच्या आणि वरळीच्या बी.डी.डी. चाळींत एकशेंसाठ चौरस फुटांच्या खोलींत ज्या पिढ्या गेल्या, त्यांनीं तूस कोठें ठेवावें आणि सोनखत कोणत्या माडास घालावें? आक्षेप खरा आहे. ज्यास जागा आहे त्यासच स्वावलंबन परवडतें, आणि ज्यास जागा नाहीं त्यास आपण अस्वच्छ म्हणतों. शिवाय दाट वस्तीच्या शहरास गटारांनीं मोठें जीवदान दिलें आहे. पटकी-विषमज्वरासारख्या रोगांचा इतिहास ज्यास ठाऊक आहे, तो मुंबईचीं गटारें बुजवा असें म्हणणार नाहीं. आम्हीही म्हणत नाहीं.

आमचें म्हणणें याहून लहान आहे. कोंकणांतल्या त्या कोठडींत आणि दादरच्या फ्लशच्या टांकींत मुख्य भेद साधनाचा नाहीं, दृष्टीचा आहे. तेथें दोन वर्षांनीं का होईना, आपलें आपणांस पुन्हां भेटतें. येथें साखळी ओढली कीं आपला संबंध संपला असें वाटतें. वस्तुतः संपत कांहींच नाहीं. जुन्या टांकीतून एका वेळीं दहाबारा लिटर पाणी जातें; हें पाणी ज्या शहापूर तालुक्यांतल्या धरणांतून येतें, त्याच तालुक्यांतल्या गांवांत उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते. आपण ढकललेलें सर्व कोणाच्या तरी अंगणांत, कोणाच्या तरी समुद्रांत, कोणाच्या तरी हातांवर जाऊन पडतें. शहरांत राहणाऱ्यास सगळें स्वतः निस्तरतां येणार नाहीं हें कबूल. परंतु ज्यास निस्तरतां येत नाहीं त्यास निदान ठाऊक असलें पाहिजे. जें काम आपण करूं शकत नाहीं तें करणाराच्या जिवाची, पगाराची आणि मुलांच्या शाळेची चिंता करणें हा त्या न केलेल्या कामाचा मोबदला आहे. ती दया नव्हे.

कोंकणांतून परत आल्यावर सोसायटीच्या वार्षिक सभेंत आम्हीं एक ठराव मांडला : यापुढें चेंबर कितीही तुंबलें तरी मनुष्य आंत उतरवूं नये, यंत्राची गाडी बोलवावी, आणि जो जादा खर्च येईल तो सर्वांनीं वांटून घ्यावा. ठरावावर पाऊण तास वाद झाला. खर्चाची तक्रार अपेक्षितच होती, परंतु एका वृद्ध सभासदांनीं विचारलें, “मग त्या माणसांनीं खायचें काय?” प्रश्न ढोंगी नव्हता, आणि त्यास आमच्यापाशीं पुरतें उत्तरही नव्हतें. पुनर्वसनाची तरतूद कायद्यांत आहे. परंतु कायद्यांतली तरतूद आणि घरांतलें पीठ यांत अंतर असतें. आम्ही एवढेंच म्हणालों कीं, कोणाच्या पोटासाठीं त्याच्या जिवाशीं खेळण्याची परवानगी आम्हांस नको. यंत्रावर काम करणारीं माणसेंही लागतात, आणि तीं कोण असावीं याविषयीं ठेकेदारास विचारण्याचा हक्क आपणांस आहे. ठराव थोड्या मतांनीं संमत झाला. स्वयंपाकघरांतला ओला कचरा आम्ही आतां गच्चींतल्या दोन मडक्यांत मुरवितों. तेवढें एक अकरा घमेल्यांपासून शिकलों. तूस मुंबईंत मिळत नाहीं; सुताराकडचा भुसा चालतो.

हें सर्व अल्प आहे, याची आम्हांस जाणीव आहे. जुने हिशेब पुढच्या खजिनदारांच्या स्वाधीन करतांना ती तीन वर्षांपूर्वींची पावती आम्हीं पुन्हां एकदां पाहिली. तारीख आहे, रक्कम आहे, ठेकेदाराची सही आहे, खालीं आमची आहे. आंत उतरलेल्या मुलाचें नांव तेवढें तीवर नाहीं, आणि तें आम्हीं त्या दिवशीं विचारलेंही नव्हतें. हिशेबतपासनिसांनीं ती पावती बरोबर म्हणून मान्य केली आहे.